वणवा विझविणारे हात

चैत्र सरून वैशाख लागला, की कुमाऊँच्या डोंगरांवर चीड वृक्षांखाली सुईसारख्या लांब, तपकिरी पानांचा जाड थर साचतो. तेथील लोक त्याला ‘पिरूल’ म्हणतात. त्यात राळेचा अंश असतो. त्यामुळे एक ठिणगी पडण्याचा अवकाश, आग चढणीवरून धावू लागते. खालची ज्वाळा वरच्या पाल्याला आधीच तापवून ठेवते, म्हणून डोंगर चढणारा वणवा सपाटीवरील आगीहून कितीतरी वेगवान असतो. शिवाय चिडाची पेटलेली फळे घरंगळत खाली जातात आणि नको तेथे नवी आग लावतात.

अशा वेळी अग्निशामक दलाचा बंब कोठून यावा? मोटारीचा रस्ता बहुधा दूर खाली राहिलेला, आणि पाण्याचा झरा त्याहूनही दूर. म्हणून धूर दिसताच प्रथम धावून जातात त्या गावातील स्त्रिया. हातचे काम टाकून त्या हिरव्या डहाळ्या तोडतात आणि आगीच्या कडेवर झोडपू लागतात. त्यांच्या अंगावर गणवेश नसतो, पायांत बूटही नसतात. त्यांच्या पथकाला नाव असलेच तर ते ‘महिला मंगल दल’ एवढेच.

हे काम स्त्रियांकडेच का यावे? घरातील पुरुष बहुधा नोकरीसाठी मैदानी शहरांत गेलेले असतात. गुरांचा चारा, चुलीचे सरपण आणि झऱ्यावरचे पाणी यांचा भार स्त्रियांच्याच डोक्यावर असतो. बांज वृक्षाचे रान जळाले, की चारा जातो. मातीतील ओल जाते आणि कालांतराने झराही आटतो. वणवा म्हणजे त्यांच्या संसारालाच लागलेली आग होय.

तथापि रानाविषयी ही आपुलकी सर्वकाळ अशीच टिकून होती, असे नाही. गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ब्रिटिश सरकारने कुमाऊँमधील विस्तीर्ण वनभूमी राखीव ठरविली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या चराईवर व लाकूडफाट्यावर निर्बंध घातले. त्याविरुद्धचा संताप १९२१ साली भडकला. ठिकठिकाणी लोकांनीच सरकारी चिडाची राने पेटवून दिली. जे रान आपले राहिले नाही ते विझवावयास कोण जाणार? त्याच वर्षी सरकारला लोकांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी समिती नेमावी लागली. पुढे १९३१ साली वन पंचायतींचे नियम झाले आणि गावाने निवडलेल्या पंचांच्या हाती गावाचे रान सोपविण्याची रीत सुरू झाली. आज उत्तराखंडात अशा ११,००० हून अधिक वन पंचायती आहेत.

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार, ज्यांना जंगलात हक्क आहेत त्यांनी आग विझविण्यास साहाय्य करणे बंधनकारक आहे. परंतु कायद्याच्या धाकाने आलेला माणूस आणि आपले रान वाचविण्यासाठी आलेला माणूस यांच्या हातांत फार अंतर असते. १९२१ च्या घटनेचा हाच धडा आहे.

हा धडा प्रत्यक्षात कसा उतरतो, हे अल्मोडा जिल्ह्यातील शीतलाखेत परिसरात पाहावयास मिळते. शेताच्या बांधावरील काटेरी झुडपे व पालापाचोळा जाळण्याची तेथे जुनी रीत आहे. तिला ‘ओण’ म्हणतात. उन्हाळ्यात लावलेला ओण वाऱ्याने उडून रानात शिरे आणि वणव्याचे कारण होई. म्हणून तेथील गावांनी ओण जाळण्याचे काम मार्चअखेर, रान पुरते वाळण्यापूर्वीच, उरकावयाचे ठरविले. १ एप्रिल हा ‘ओण दिवस’ म्हणून पाळला जाऊ लागला. पुढे राज्याच्या वनखात्यानेही या पद्धतीचा पुरस्कार केला. यात ना यंत्र लागले, ना मोठा खर्च. गावाने एकत्र बसून केलेला निर्धार तेवढा लागला.

आग लागल्यावरही अशीच शिस्त उपयोगी पडते. जाणती माणसे थेट ज्वाळांसमोर जात नाहीत. ती पुढे जाऊन पिरूल झाडून काढतात व मातीचा मोकळा पट्टा तयार करतात. आगीला तेथे खावयास काही उरत नाही. वारा मंद आणि हवेत दमटपणा असतो, अशा पहाटेच्या वा रात्रीच्या वेळी हे काम अधिक साधते. एकाने मात्र उंचावर उभे राहून वाऱ्याची दिशा पाहावयाची असते, कारण वारा फिरला की निसटावयास क्षणांचाच अवधी मिळतो.

हे संकट किती भयंकर असते, ते १३ जून २०२४ रोजी दिसून आले. अल्मोडा जिल्ह्यातील बिनसर अभयारण्यात वणवा विझवावयास गेलेली वनखात्याची चार माणसे आगीने वेढली जाऊन मृत्युमुखी पडली. भाजलेल्यांपैकी आणखी काही जण पुढे उपचार चालू असता दगावले. खात्याच्या माणसांची ही गत, तर साध्या वस्त्रांनिशी डोंगर चढणाऱ्या गावकऱ्यांना काय धोका असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

यास्तव स्वयंसेवकांची नुसती प्रशंसा पुरेशी नाही. त्यांना जाड सुती कपडे, बूट, हातमोजे, दाताळी आणि पाण्याची पाठपिशवी मिळावयास हवी. उन्हाळ्यापूर्वी प्रशिक्षण हवे. आगीशी झुंजताना जखमी झालेल्याच्या उपचारांची आणि कोणी दगावल्यास त्याच्या मुलाबाळांची हमी समाजाने घ्यावयास हवी. जो पगार मागत नाही, त्याला निदान बूट तरी मागावे लागू नयेत.

विज्ञानाचे साहाय्य आता उपलब्ध आहे. देहरादून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना मोबाइलवर पाठविते. २०१६ साली वणव्याने ४,००० हेक्टरांहून अधिक रान व्यापले, तेव्हा वायुदलाच्या हेलिकॉप्टरांनी भीमतालचे पाणी उचलून आगीवर ओतले. २०२४ मध्ये राज्य शासनाने पिरूल किलोला ५० रुपये दराने विकत घेण्याची मोहीम काढली. रानातून पिरूल उचलला गेला, तर आगीचे इंधनच कमी होते व घरात चार पैसेही येतात. तरीही उपग्रह आग पाहतो, विझवीत नाही. आणि हेलिकॉप्टर येईपर्यंत डोंगर जळून गेलेला असू शकतो. पहिली घटका गावाचीच असते.

वाचकहो, आपले गाव हिमालयात नसेल. परंतु उभ्या गव्हाची शेते, कडब्याच्या गंजी आणि गवती छपरे देशात सर्वत्र आहेत, आणि बंब सर्वत्र दूर आहे. या उन्हाळ्यापूर्वी आपल्या ग्रामसभेत एवढेच विचारून पाहा: आग लागली तर प्रथम कोण धावेल, पाणी कोठून येईल, आणि धावणाऱ्याच्या पाठीशी आपण काय उभे केले आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या गावापाशी असतील, त्या गावाच्या रक्षणाची निम्मी तयारी झाली असे समजावे.