टेकता टेकता

परवा कपाट आवरताना माझं पहिलं लॉगबुक हाती लागलं. 1998 च्या फेब्रुवारीपासून मेपर्यंत शेऱ्याच्या रकान्यात ओळीनं तेच : सर्किट अँड लँडिंग, सर्किट अँड लँडिंग. दख्खनच्या पठारावरच्या एका लहानशा धावपट्टीवर मी तेव्हा सेसना 152 वर शिकत होते, आणि अख्खा मार्च माझं विमान टेकलं की उसळत होतं. लॉगबुकात उसळ्यांची नोंद नसते. माझ्या पाठीच्या कण्याला मात्र त्या अजून आठवतात.

मागची दोन चाकं थडकतात, वाटतं झालं, आणि तेवढ्यात नाक वर जाऊन समोर नुसतं आकाश उरतं. वेग सरलेला असतो, धावपट्टी किती खाली राहिली ते कळत नाही. अशा वेळी हात आपोआप योक पुढे ढकलतो. जीव घाबरला की माणूस जमिनीकडे धावतो, तसंच ते आहे. पण नाक खाली गेलं की पुढचं चाक आधी आपटतं, विमान आणखी वर फेकलं जातं, आपण पुन्हा ढकलतो. आपली दुरुस्ती दर वेळी एक क्षण उशिरा पोचते आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. नोजव्हीलचा दांडा मोडतो, प्रोपेलर जमिनीला लागतो तो अशाच तिसऱ्या-चौथ्या झोक्याला. पहिल्या उसळीनं सहसा काही बिघडत नाही.

आमचे सर ‘पुष्पक’वर शिकलेले. हिंदुस्थान एअरक्राफ्टचं हे विमान 1958 मध्ये पहिल्यांदा उडालं आणि आपल्या फ्लाइंग क्लबांच्या कितीतरी पिढ्या त्यावर तयार झाल्या. त्याचं तिसरं चाक शेपटीखाली, आणि वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे. पुढची चाकं जोरात टेकली की शेपूट खाली बसायची, नाक उचललं जायचं, पंखांची उचल वाढायची आणि विमान उडी मारायचं. तिथे उसळी विमानाच्या घडणीतच होती. सेसनाचं तिसरं चाक नाकाखाली, वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या पुढे. दणका बसला तर नाक उलट खाली येतं. सर म्हणायचे, ‘‘याला उसळायला शिकवावं लागतं, आणि तू शिकवते आहेस.’’

तीन आठवडे मी फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी योक ओढून नाक उचलणं, तेवढंच सुधारत बसले. कधी लवकर ओढलं, कधी उशिरा, कधी जास्त ओढून विमान फुग्यासारखं वर गेलं. दोष तिथे नव्हता. एका सकाळी सरांनी एवढंच सांगितलं, की फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत, वळल्यापासून वेग मोठ्यानं वाच. मी वाचत गेले : 70, 72, 70. हवा होता 60. दहा वाजल्यानंतर काळी जमीन तापायची, नांगरलेल्या शेतावरून येताना विमान वर ढकललं जायचं, आणि मी भीतीपोटी ‘असू दे थोडा जास्त’ म्हणून वेग राखून यायचे. हिशेब साधा आहे. 60 ऐवजी 70 म्हणजे ऊर्जा 36 टक्क्यांनी जास्त. जमिनीपासून पंखाच्या लांबीएवढ्या, म्हणजे दहा मीटरच्या आत आलं की हवेचा रोध घटतो आणि जास्तीचा वेग लवकर मरत नाही. विमान तरंगत राहतं. धावपट्टी संपत चालली म्हणून मी ते दाबून टेकवायचे. उडायला तयार असलेलं विमान दाबून टेकवलं तर ते उडणारच.

त्याच दुपारी, उभ्या विमानात मला बसवून त्यांनी शेपटीकडून विमान दाबायला लावलं. नाक हळूहळू वर आलं, काउलिंगनं धावपट्टीचा पुढचा भाग झाकला, बाजूला थोडी कड तेवढी दिसत राहिली. ‘‘हे चित्र डोळ्यांत भरून घे. टेकताना हेच दिसलं पाहिजे.’’ दुसऱ्या दिवशी थोडी पॉवर ठेवून आम्ही धावपट्टीवरून चार-पाच फुटांवर नुसते उडत गेलो, टेकायचंच नाही असं ठरवून. नजर लांबच्या टोकावर. चाकांजवळ पाहिलं की जमीन धावत येते आणि हात बिचकतो. लांब पाहिलं की आपण किती बुडतोय ते आपसूक समजतं. मग थ्रॉटल बंद, आणि त्यांचं ते वाक्य : ‘‘उतरवू नकोस. त्याला उतरू देऊ नकोस.’’ मी योक मागे घेत राहिले, आणखी थोडं, आणखी थोडं. स्टॉल वॉर्निंग वाजायला लागली आणि मागची चाकं टेकली. त्या टेकण्यात उसळायला वेग उरलाच नव्हता.

गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं, मात्र मी उशिरा शिकले, आणि ते सगळ्यांत आधी शिकवायला हवं असं मला आज ठामपणे वाटतं. उसळी लहान असेल तर नाक आहे तिथेच धरायचं, किंचित पॉवर द्यायची, विमानाला पुन्हा बसू द्यायचं. मोठी असेल तर पूर्ण थ्रॉटल आणि परत वर. तेव्हा मला त्याची लाज वाटायची. हँगरपाशी सगळे बघत असायचे.

आता मीच उजवीकडे बसते. गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याचं तिसरं सोलो होतं. मी रनवेच्या कडेला, विंडसॉकजवळ उभी होते. तो वेगानं आला, उसळला, आणि माझा श्वास अडकला. तेवढ्यात इंजिनाचा आवाज भरला, नाक स्थिर राहिलं, फ्लॅप 30 वरून 20 वर आले, आणि विमान माझ्या डोक्यावरून चढत गेलं. सहा मिनिटांनी तो परत आला. या वेळी मागची चाकं टेकल्यावरही पुढच्या चाकाखाली बराच वेळ उजेड दिसत होता.