घरकाम आणि वेळ

आई आणि वडील दोघेही सकाळी आठाच्या सुमारास कामावर निघतात, नळाला पाणी ठरावीक वेळीच येते आणि मुलांचे डबे त्याआधी भरून व्हावे लागतात, अशी घरे आज गावोगावी आहेत. अशा घरात घरकामाला उरते ती जेमतेम तासा-दोन तासांची सकाळ. एवढ्याशा वेळात ती माणसे सारे कसे उरकतात? त्यांचे हात इतरांहून चपळ असतात असे नव्हे. कोणते काम हाताने करायचे आणि कोणते पाण्यावर, उष्णतेवर व वेळेवर सोपवायचे, हे त्यांना ठाऊक असते.

भाताचे पातेले घ्या. शिजलेल्या भातातील पिष्ट ओले असते तोवर बोटानेही निघते. वाळले की त्याचा कडक पापुद्रा भांड्याला घट्ट धरून बसतो. तो खरवडण्यात बळ आणि वेळ दोन्ही खर्ची पडतात. पण त्याच पातेल्यात जेवण होताच तांब्याभर पाणी ओतून ठेवले, तर पाणी त्या पापुद्र्यात शिरून त्याला पुन्हा मऊ करते, आणि घासणाऱ्याला एक हात फिरवणे पुरते. कणीक मळलेल्या परातीत मात्र गारच पाणी घालावे. गरम पाण्याने कच्च्या पिठाची खळ होते आणि ते अधिकच चिकटते.

मटकीची उसळही अशीच. मटकी रात्री भिजत घालायला दोन मिनिटे लागतात, सकाळी निथळून फडक्यात बांधायला तीन. मोड आणण्याचे काम मटकी स्वतःच करते. परंतु रविवारच्या उसळीचा विचार शनिवारी रात्री सुचून उपयोग नाही, तो शुक्रवारीच सुचावा लागतो! ज्याला सवड कमी, त्याला आठवण अधिक ठेवावी लागते.

उष्णतेकडूनही असेच काम करून घेता येते. कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास इकमिक कुकर तयार केला. खाली कोळशाची मंद आच आणि वर एकावर एक डबे; आत वाफेवर अन्न शिजत राही आणि जवळ कोणी बसून राहावे लागत नसे. आजचा प्रेशर कुकर तेच काम फार लवकर करतो. उघड्या भांड्यातील पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सियसला उकळते, महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणी तर सुमारे ९५ अंशांलाच. म्हणून तेथे उघड्यावर डाळ शिजायला अधिक वेळ लागतो. झाकण पक्के लावून वाफ कोंडली की आतील दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. एकाच कुकरात खाली वरण, वर भात आणि त्यावर बटाटे शिजत असता गृहिणी किंवा गृहस्थ खुशाल केर काढू शकतात. गॅस बंद केल्यावरही कोंडलेली वाफ काही वेळ अन्न शिजवीत राहते. तिला घाईने सोडून देणे म्हणजे हाती आलेली उष्णता वाया घालवणे होय.

दुधाची गोष्ट निराळी. दूध तापू लागले की वर साय धरते, खालची वाफ तिच्याखाली अडते आणि पाहता पाहता फेस वर चढतो. म्हणून दूध गॅसवर असताना केर काढायला जाऊ नये. ओटा पुसणे, पाण्याच्या बाटल्या भरणे अशी नजरेच्या टप्प्यातली कामे त्या वेळी करावीत. एकदा दूध उतू गेले, की वाचवलेली पाच मिनिटे शेगडी घासण्यात जातात, आणि वर दूधही जाते.

हा सारा वेळ कोणाचा? भारत सरकारने देशातील सहा वर्षांवरील माणसे दिवसाचा वेळ कशी घालवतात याची पाहणी केली. २०१९ साली घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवीत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ व ८८ झाले. दोघांचेही काम जरा हलके झाले खरे, पण वजाबाकी करून पाहा: अंतर २०२ मिनिटांवरून २०१ वर आले! शिवाय ही सरासरी प्रत्यक्ष घरकाम करणाऱ्यांचीच आहे. कामाला हातच न लावणारे तीत धरलेले नाहीत, आणि त्यांत पुरुष फार अधिक आहेत.

सहा वर्षांवरील म्हटले, म्हणजे शाळकरी मुले-मुलीही आलीच. त्यांच्या वाट्याचे एक काम तर अर्ध्या मिनिटाचे आहे. शाळेतून येताच दप्तरातला डबा काढून त्यात पाणी घातले, तर रात्री तो सहज निघतो. तो दप्तरातच राहिला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी, नळाला पाणी असेल तेवढ्याच वेळात, तो कोणाला तरी खरवडत बसावे लागते.