ईमेलचे पाकीट आणि आतले पत्र

सभेची सूचना, कार्यक्रमाचे निमंत्रण, वर्गणीची पावती हे सगळे आता ईमेलने जाते. त्याच वाटेने अध्यक्षांच्या नावाने ‘तातडीने पैसे पाठवा’ असा बनावट निरोप येऊ शकतो; उलट मंडळाची खरी सूचना स्पॅममध्ये जाऊन पडते. हे का होते, ते थोडक्यात समजून घेऊ.

जामबागचा पत्ता असलेले लेटरहेड कोणीही छापून घेईल. पत्र कुठून निघाले हे पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून कळते. ईमेलचेही तसेच. पाठवणारा सर्व्हर आधी पाकिटावरचे पत्ते सांगतो, मग आतले पत्र देतो. फ्रॉम, टू, सब्जेक्ट ही हेडर आतल्या पत्रात असतात. स्क्रीनवर दिसणारे नाव हे लेटरहेडच. ते पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेले असते.

घेणारा सर्व्हर प्रत्येक टप्प्यावर नियम लावतो. केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या ‘एक्झिम’ या मेल सर्व्हरमध्ये पाकिटासाठी वेगळी नियमावली असते आणि पत्रासाठी वेगळी. पाकीट तपासताना हेडर आलेलेच नसते. म्हणून हेडर पाहणारा नियम पत्राच्या टप्प्यावरच लिहावा लागतो. तिथेच मेल नाकारला, तर नकार थेट पाठवणाऱ्या सर्व्हरला मिळतो. आधी स्वीकारून मग परत पाठवला, तर ज्याचे नाव चोरले त्या निरपराध माणसाकडे तो जातो.

तपासण्या मुख्यतः तीन. एसपीएफ: या सर्व्हरला त्या डोमेनच्या नावाने मेल पाठवण्याची परवानगी आहे का? डीकिम: पत्रावरची डिजिटल सही जुळते का? डीमार्क: यांपैकी एक तरी खरी ठरून तिचे डोमेन फ्रॉममधल्या डोमेनशी जुळते का? निकाल ‘ऑथेंटिकेशन रिझल्ट्स’ या हेडरमध्ये लिहिला जातो. लबाड माणूस असा खोटा निकाल आधीच चिकटवून पाठवू शकतो. म्हणून बाहेरून आलेले, स्वतःच्या नावाचे असे हेडर सर्व्हरने काढून टाकायचे असते.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने हे नियम कडक केले आहेत. संस्थेने काय करावे? स्वतःच्या डोमेनसाठी तिन्ही नोंदी करून घ्याव्यात. वेबसाइटवरून मेल पाठवताना फ्रॉममध्ये कोणाचाही खाजगी जीमेल पत्ता घालू नये. डोमेन जुळत नाही आणि मेल अडकतो.

सभासदांनी संशय आल्यास जीमेलमध्ये मेल उघडून तीन ठिपक्यांतून ‘शो ओरिजिनल’ निवडावे. ‘फेल’ दिसले तर सावध व्हावे. ‘पास’ दिसले तरी एवढेच सिद्ध होते की मेल त्या डोमेनवरून आला. माणूस प्रामाणिक आहे, हे नव्हे. पैशांचा विषय असेल तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून विचारावे. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे.