पान्ह्याचें इंजेक्शन आणि बाळंतिणीची खोली

माजिवड्याच्या नाक्यावरून नाशिकचा रस्ता धरिला, म्हणजे इमारती मागें पडून पुढें शहापूर तालुक्यांतील डोंगराळ गांवें लागतात. माजिवड्याच्या गृहिणीस इस्पितळ हांकेवर आहे. डोंगरांतील शेतकऱ्याच्या सुनेस तें तितकें सोपें नाहीं. तथापि ऑक्सिटोसिन या औषधाविषयीं दोन्हीं घरांनीं सारखेंच सावध असावें, आणि ज्यांच्या गोठ्यांत तें शिरलें आहे त्यांनीं तर विशेष.

हें द्रव्य शरीरांत मुळांतच असतें. गर्भाशयास कळा आणणें व पान्हा सोडविणें हीं दोन्ही त्याचींच कामें. पारडूं मेलें कीं म्हैस पान्हा चोरते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तेथूनच कित्येक तबेल्यांत या कुपीचा रोजचा प्रघात पडला. दूध वाढविण्यासाठीं जनावराच्या प्रकृतीस अपायकारक असें इंजेक्शन टोचणें हा १९६० च्या कायद्यान्वयें अपराध आहे.

मूल जन्मल्याबरोबर, पोटांत दुसरें मूल नाहीं अशी खात्री करून, १० एकक मांडींत टोचलें असतां गर्भाशय घट्ट आवळतें व रक्तस्रावाचें भय पुष्कळ कमी होतें. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसहि अशीच आहे. परंतु मूल पोटांत असतां, ‘कळा वाढाव्या’ म्हणून हेंच इंजेक्शन घरीं टोचविणें अत्यंत घातक होय. एकदां टोचलेलें औषध परत काढतां येत नाहीं. कळांमधील विसांवा नाहींसा होतो, मुलास प्राणवायु पुरत नाहीं, प्रसंगीं गर्भाशय फाटतें; पूर्वीं पोट चिरून बाळंतपण झालेल्या स्त्रीस हा धोका अधिकच. इस्पितळांत कळांसाठीं हें औषध देतात, पण तें सलाइनमधून मोजून, मुलाच्या हृदयाचे ठोके पाहत आणि शस्त्रक्रियेची तयारी ठेवून. कोणी घाई करणारा टोचावयास आलाच, तर घरच्या वडील माणसांनीं त्यास स्पष्ट नकार द्यावा.

दुसरी गोष्ट थंडाव्याची. हें औषध साधारणतः २ ते ८ अंश सेल्सिअस उष्णतामानांत ठेवावें लागतें. उन्हाळ्यांत फळीवर पडलेल्या कुपीचें बळ जातें, आणि डोळ्यांस मात्र फरक दिसत नाहीं. यास्तव गोठ्यांतील कुपी बाळंतिणीकडे कदापि नेऊं नये.

२०१८ च्या एप्रिलमध्यें केंद्र सरकारनें जनावरांवरील दुरुपयोग थांबविण्यासाठीं खासगी कारखान्यांस देशांतील विक्रीकरितां हें औषध करण्याची मनाई केली व सारा भार कर्नाटकांतील एका सरकारी कंपनीवर टाकिला. डिसेंबरांत दिल्ली उच्च न्यायालयानें ती मनाई रद्द ठरविली. आमच्या मतें तें योग्यच झालें. खोडी तबेलेवाल्याची, आणि तुटवडा सोसावा बाळंतिणीनें, हा न्याय नव्हे.

आठवा महिना लागतांच उपकेंद्रांत जाऊन औषध शीतपेटींत असतें कीं नाहीं हें विचारावें, गाडी ठरवून ठेवावी, आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घरांतील बायकांसहि पाठ करून द्यावा.