रंध्याची निवड : स्वस्त, जुना की उंची?

नांगर, कुळव, बैलगाडी, घराचा दरवाजा आणि बाळाचा पाळणा यांपैकी कोणतीही वस्तू एके काळी सुताराच्या हातावाचून गावात तयार होत नसे. बारा बलुतेदारांत सुताराला जे स्थान होते, ते या उपयुक्ततेमुळेच. शेतीत यंत्रे आली, बलुत्याची पद्धत मागे पडली, तरी सुताराचे काम संपलेले नाही. दारे-खिडक्या, शाळांची बाके, घरगुती सामान आणि दुरुस्तीची असंख्य कामे आजही त्याच्याकडेच येतात. या कामाचा दर्जा ज्या थोड्या हत्यारांवर अवलंबून असतो, त्यांत रंध्याचा क्रम फार वरचा आहे. करवतीने लाकूड कापले जाते, पटाशीने खाच पडते. परंतु लाकडाला सपाटी, सरळपणा आणि सफाई देण्याचे काम रंध्याचे आहे.

हत्यारांच्या खरेदीचा प्रश्न आता केवळ सुताराच्या घरापुरता राहिलेला नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारकामासह १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश असून, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य ई-व्हाउचरच्या रूपाने देण्याची तरतूद तीत आहे. ग्रामीण भागातील अर्जदारांच्या पडताळणीचा पहिला टप्पा ग्रामपंचायतीकडे सोपविण्यात आलेला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी सुतारकामासारख्या स्थानिक व्यवसायांचा प्रत्यक्ष परिचय करून घ्यावा, असे सुचविले आहे. तेव्हा रंधा कोणता घ्यावा, या प्रश्नाचा विचार सरपंच, शिक्षक आणि खरेदीची जबाबदारी असलेले अधिकारी या सर्वांनाच करावा लागतो.

रंधा काम कसे करतो?

रंधा म्हणजे एका ठोकळ्यात ठराविक कोनात घट्ट बसविलेले धारदार पाते होय. ठोकळ्याचा तळ लाकडावर टेकतो आणि तळाच्या फटीतून पात्याची धार किंचित बाहेर डोकावते. रंधा पुढे सरकला की लाकडाचा उंचवटा तेवढाच छिलला जातो. खोलगट भागाला पाते लागत नाही. वारंवार रंधा मारल्याने उंचवटे नाहीसे होऊन पृष्ठभाग एका पातळीत येतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. तळ जितका सपाट, तितके लाकूड सपाट; आणि पात्याची धार जितकी चांगली, तितकी लाकडाची सफाई चांगली. रंध्याचे बाकीचे सर्व भाग या दोन गोष्टींच्या सेवेसाठी आहेत.

सफाईच्या कामात निघणारा छिलका नेहमीच्या लिहिण्याच्या कागदाच्या निम्म्या जाडीचाही असू शकतो. इतक्या बारीक कामात पाते जरासे हलले किंवा तळाला बाक असला, तर त्याचा दोष लाकडावर लगेच उमटतो. सागासारखे सरळ रेषांचे लाकूड थोडेफार दोष पोटात घालते. शिसव किंवा बाभूळ यांसारख्या कठीण, गुंतलेल्या रेषांच्या लाकडात मात्र रेषा उपटल्या जाऊन पृष्ठभागावर खडबडीत चट्टे पडतात.

लाकडी ठोकळ्यापासून बिडाच्या रंध्यापर्यंत

रंधा हे अतिशय प्राचीन हत्यार आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई या रोमन नगराच्या अवशेषांत रंधे सापडले आहेत. पुढे अनेक शतके लाकडी ठोकळा, पोलादी पाते आणि ते घट्ट धरणारी पाचर, एवढेच रंध्याचे स्वरूप होते. खेड्यापाड्यांतून आजही वापरात असलेला लाकडी रंधा याच जातीचा आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील लेनर्ड बेली या कारागिराने बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, असा रंधा सिद्ध केला की, ज्यात पितळी चाक फिरवून पाते खालीवर करता येते. १८६९ मध्ये स्टॅन्ली कंपनीने बेलीचे एकस्व हक्क विकत घेतले आणि हा रंधा जगभर पसरला. त्यांच्या क्रमांकांची पद्धत आजही रूढ आहे. ४ नंबरचा सुमारे ९ इंची रंधा सफाईसाठी, ५ नंबरचा १४ इंची सर्वसाधारण कामासाठी आणि ७ नंबरचा २२ इंची रंधा फळ्यांच्या कडा सरळ करून जोड बसविण्यासाठी वापरला जातो. एकस्वाची मुदत संपल्यावर इतर कारखान्यांनीही हाच नमुना उचलला. इंग्लंडातील शेफील्ड येथील रेकॉर्ड रंधे त्यांपैकीच होत. भारतात तयार होणारे बहुतेक बिडाचे रंधेही याच घडणीचे आहेत. म्हणूनच स्वस्त, जुना आणि उंची असे तीन रंधे शेजारी ठेवले, तर दुरून ते एकसारखेच दिसतात. फरक असतो तो आतल्या कामात.

स्वस्त रंधा

बाजारात साधारणतः एक-दोन हजार रुपयांच्या घरात मिळणारा नवा बिडाचा रंधा हा पहिला प्रकार. याचा आराखडा चांगला असतो. मात्र किंमत कमी ठेवण्यासाठी कारखान्यात शेवटचे हात फिरविलेले नसतात. तळ काटेकोर सपाट नसतो, पात्याची बैठक खडबडीत असते, मुठीवर फटी असतात आणि पात्याला केवळ जुजबी धार असते. ओतीव लोखंड थंड होताना त्यात जो ताण राहतो, तो पूर्ण निघून जाण्यापूर्वीच तळ घासला गेला, तर पुढे त्याला किंचित बाक येण्याचाही संभव असतो.

असा रंधा खोक्यातून काढून थेट लाकडावर चालविला, तर तो अडखळतो, खडखडतो, आणि शिकणारा मुलगा आपल्यालाच हे काम जमत नाही, असा ग्रह करून घेतो. अनेक कार्यशाळांत नवे रंधे कपाटात पडून राहतात, त्याचे कारण बहुधा हेच असते. वस्तुतः तीन-चार तासांच्या मेहनतीने हाच रंधा कामाचा होऊ शकतो. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर तळ घासावा. घासताना पाते आत ओढून घ्यावे, पण नेहमीप्रमाणे घट्ट बसलेले असावे. कारण त्याच्या दाबाने तळाच्या आकारात सूक्ष्म फरक पडतो. तळाचे पुढचे टोक, फटीच्या लगतचा पुढचा भाग आणि मागचे टोक या तीन जागा एका पातळीत आल्या म्हणजे पुरे. इतरत्र थोडा खोलगटपणा राहिला तरी हरकत नसते.

मेहनतीने न सुधारणारा दोष एकच, आणि तो म्हणजे पात्याचे नरम पोलाद. अशा पात्याला धार येते, पण ती टिकत नाही. त्यावर उपाय म्हणजे पाते बदलणे. स्वस्त रंध्यात चांगले पाते, ही जोडी कमी खर्चात उत्तम काम देते.

याच गटात स्थानिक लाकडी रंध्याचाही विचार व्हावा. तो हलका असतो, लाकडावर सहज सरकतो, गंजत नाही आणि तळ झिजला तर दुसऱ्या रंध्याने तो पुन्हा सरळ करता येतो. पावसाळ्यात ठोकळा फुगतो आणि पाते हातोडीच्या ठोक्यांनी बसवावे लागते, ही त्याची मर्यादा. अनुभवी सुताराला तिची अडचण वाटत नाही. नवशिक्याला मात्र चाकाने पाते सरकणारा रंधा सोपा जातो.

जुना रंधा

दुसरा प्रकार जुन्या रंध्यांचा. पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात अमेरिकेत व इंग्लंडात तयार झालेल्या रंध्यांची कारागीर मंडळी आजही वाखाणणी करतात. त्या काळी हातरंधा हे कारखान्यांतील रोजचे हत्यार होते आणि त्याची घडण त्या मानाने काळजीपूर्वक होई. पुढे विजेवर चालणाऱ्या यंत्रांचा प्रसार झाला, हातरंध्याची मागणी घटली आणि घडणीतही काटकसर होऊ लागली. शिवाय अनेक वर्षांपूर्वी ओतलेल्या लोखंडातील ताण केव्हाच निघून गेलेला असतो.

मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार किंवा एखाद्या जुन्या सुतारशाळेची अडगळ अशा ठिकाणी हे रंधे अधूनमधून आढळतात. गंज पाहून घाबरण्याचे कारण नाही. वरवरचा गंज रॉकेलमध्ये भिजवून, तारेच्या ब्रशने घासून निघतो. मूठ नवी बसविता येते. पण काही दोष असे असतात की, ते दिसताच तो रंधा खाली ठेवावा. फटीजवळ किंवा बाजूच्या भिंतींना तडा असणे, पूर्वी फुटलेला भाग जोडून घेतलेला असणे, पात्याच्या सपाट बाजूस धारेजवळ गंजाने खोल खड्डे पडलेले असणे आणि पितळी चाक किंवा दाबपट्टी हरवलेली असणे, हे ते दोष होत. पाते घासून घासून आखूड झाले असल्यास नव्या पात्याचा खर्च किमतीत धरावा.

जुना रंधा हा पारखी माणसाचा सौदा आहे. एखाद्या जाणत्या सुताराला तो पैशाच्या मानाने सर्वांत अधिक मोबदला देतो. परंतु वीस रंध्यांची गरज असलेल्या शाळेला किंवा प्रशिक्षण केंद्राला तो मार्ग सहसा उपयोगी पडत नाही. कारण एकसारखे वीस नग जुन्या बाजारात मिळत नाहीत आणि शासकीय खरेदीच्या नियमांतही ते बसत नाहीत.

उंची रंधा

तिसरा प्रकार अलीकडच्या काळातील उंची रंध्यांचा. अमेरिकेच्या मेन राज्यात १९८१ मध्ये स्थापन झालेली ली-नील्सन ही कंपनी आणि कॅनडातील ली व्हॅली कंपनीचे व्हेरिटास रंधे ही याची ठळक उदाहरणे होत. या रंध्यांसाठी खाली पडले तरी सहसा न फुटणारे विशेष ओतीव लोखंड वापरतात. जुन्या नमुन्यातील पाते सुमारे २ मिलिमीटर जाडीचे, तर यांचे सुमारे ३ मिलिमीटर आणि अधिक काळ धार टिकविणाऱ्या पोलादाचे असते. तळ कारखान्यातच काटेकोर सपाट केलेला असतो. पात्याला दगडावर शेवटचा हात दिला की काम सुरू करता येते.

एका ली-नील्सन रंध्याची किंमत तीनशे डॉलरांहून अधिक, म्हणजे विश्वकर्मा योजनेतील हत्यारांच्या संपूर्ण साहाय्याहूनही जास्त पडते. एवढ्या पैशात काय मिळते, हे नीट समजून घेतले पाहिजे. उंची रंधा वेळ वाचवितो, मनस्ताप वाचवितो आणि कठीण लाकडात अधिक स्थिर चालतो. परंतु नीट सिद्ध केलेल्या साध्या रंध्याने येणारी सफाई आणि उंची रंध्याची सफाई यांतील फरक सागाच्या फळीवर हात फिरवून सहसा कळत नाही. ज्याचा सारा चरितार्थ बारीक कलाकुसरीच्या सामानावर आहे, त्याला ही खरेदी परवडेल. गावातील दारे-खिडक्यांच्या कामासाठी तिची आवश्यकता नाही.

किमतीपेक्षा मोलाची गोष्ट

जपानमधील यामागाता विद्यापीठाचे कावाई आणि काटो यांनी रंध्याच्या छिलक्याचा सूक्ष्म अभ्यास केला. पात्यावर बसणारी दुसरी लोखंडी पट्टी धारेच्या अगदी जवळ, मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतक्या अंतरावर ठेवली आणि तिच्या पुढच्या कडेला योग्य उतार दिला, तर छिलका वेळीच वाकतो आणि उलट्या रेषांचे लाकूडही उपटले जात नाही, असे त्यांच्या प्रयोगांत दिसून आले. ही पट्टी स्वस्त रंध्यातही असते. ती कशी बसवावी, एवढेच माहीत असावे लागते.

धारेचेही तसेच आहे. पात्याचा मूळ उतार सुमारे २५ अंशांचा आणि धारेलगतची बारीक कड सुमारे ३० अंशांची, हे प्रमाण सामान्यतः पाळले जाते. पात्याची मागची बाजू आरशासारखी सपाट झाल्याखेरीज धार पूर्ण येत नाही. त्यासाठी जाड आणि बारीक अशा दोन पोतांचे दगड हवेत. बोथट झालेला उंची रंधा हा धारदार स्वस्त रंध्यापुढे निरुपयोगी ठरतो.

यावरून खरेदीचे काही सोपे नियम निघतात. केवळ सर्वांत कमी दर पाहून खरेदी न करता प्रथम एक नमुना मागवावा. पोलादी पट्टी तळावर उभी धरून पलीकडून उजेड दिसतो का, ते पाहावे. पात्याच्या कोपऱ्यावर कानस चालवून पाहावी. ती घसरली तर पोलाद कणखर, आणि चावली तर नरम समजावे. शेवटी गावातील एखाद्या अनुभवी सुताराकडून तो रंधा लाकडावर चालवून घ्यावा. रंध्यांच्या संख्येत एक-दोन कमी झाले तरी चालतील, परंतु धारेचे दगड आणि घासण्याचे साहित्य यांसाठी रक्कम अवश्य राखून ठेवावी. काम संपल्यावर पाते आत ओढून, तळाला यंत्राच्या तेलाचा हात फिरवून रंधा ठेवण्याची सवय विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून लावावी. कोकणासारख्या दमट हवेच्या भागात तर याला पर्यायच नाही.

विश्वकर्मा योजनेत पाच ते सात दिवसांच्या मूलभूत प्रशिक्षणाची आणि त्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतनाची तरतूद करण्यात आली आहे. प्रशिक्षणातील एक दिवस रंधा सिद्ध करणे आणि धार लावणे यांसाठी दिला गेला, तर दोन हजारांचा रंधा अनेक वर्षे सुताराची साथ करील. तो दिवस दिला गेला नाही, तर वीस हजारांचा रंधाही पहिल्या पावसाळ्यानंतर गंजून कोपऱ्यात पडेल. ग्रामपंचायतीने अर्जावर शिफारस करताना आणि शिक्षकाने मागणीपत्रक लिहिताना हत्याराच्या किमतीबरोबर या एका दिवसाचाही हिशेब मांडावा.