क्षमावाणी : अर्थ आणि अनुभव

(द्वितीय वर्ष, कला)

भाद्रपद उजाडला की आमच्या गल्लीत दोन उत्सवांची गडबड एकदमच सुरू होते. शेजारी गणपती बसतात आणि आमच्याकडे दशलक्षण पर्वाला प्रारंभ होतो. आजीचे एकाशन, बाबांचे सकाळी राजाबाजारच्या मंदिरात जाणे, सूर्यास्तापूर्वीचे जेवण हे सारे मी लहानपणापासून पाहत आले. दहा दिवस संपले की भाद्रपद वद्य प्रतिपदेला क्षमावाणी येते. त्या दिवशी लहानथोर सारे हात जोडून एकमेकांना ‘उत्तम क्षमा’ म्हणतात. “वर्षातून एकदा माफी मागायची आणि सुटायचे, असेच ना?” असे वर्गातल्या एका मैत्रिणीने मला थट्टेने विचारले होते. तेव्हा मी रागावले. आज वाटते, तिचा प्रश्न रास्त होता.

प्रथम थोडी माहिती. श्वेतांबर जैनांचे पर्युषण आठ दिवसांचे असते. त्याचा अखेरचा दिवस म्हणजे संवत्सरी. त्या दिवशी प्रतिक्रमण करून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात. हे शब्द प्राकृत आहेत. संस्कृतात ‘मिथ्या मे दुष्कृतम्’, म्हणजे माझे दुष्कृत्य निष्फळ होवो. प्रतिक्रमण म्हणजे मागे फिरणे, जिथे पाऊल चुकले तिथे परत येणे. आम्हा दिगंबरांचे दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत चालते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सांगितलेल्या दहा धर्मांपैकी एकेका धर्माचे रोज चिंतन करायचे. पहिला दिवस उत्तम क्षमेचा आणि पर्वाची सांगताही क्षमावाणीनेच.

क्षमेने सुरुवात झाली असताना शेवटी पुन्हा क्षमाच का? हे कोडे मी एकदा आजीला घातले. ती म्हणाली, “अगं, पहिल्या दिवशी क्षमा ऐकायची आणि शेवटी करायची. मधले दिवस काय फुकट असतात?”

तिच्या बोलण्याचा अर्थ दहा धर्मांचा क्रम पाहिल्यावर लागतो. क्षमेनंतर येतो मार्दव, म्हणजे नम्रता. त्यानंतर आर्जव, म्हणजे सरळपणा. क्षमा क्रोधाच्या विरुद्ध, मार्दव मानाच्या म्हणजे अहंकाराच्या, तर आर्जव मायेच्या म्हणजे कपटाच्या विरुद्ध. दुसऱ्याला क्षमा करायला राग सोडावा लागतो. पण क्षमा मागायला अहंकार आणि कपट ही दोन्ही सोडावी लागतात. पहिल्यापेक्षा दुसरे काम कठीण, असे मी स्वानुभवाने म्हणते.

तो अनुभव असा. गेल्या वर्षी एका वक्तृत्व स्पर्धेच्या आधी माझ्या एका मैत्रिणीने आपल्या भाषणाचे मुद्दे मला विश्वासाने वाचून दाखवले. स्पर्धेत माझा क्रमांक तिच्या आधी होता. तिचे दोन मुद्दे आणि एक उदाहरण मी माझे म्हणून सांगून टाकले. मला बक्षीस मिळाले. तिने जाब विचारला तेव्हा चार मुलींदेखत मी म्हटले, “तुला माझे यश पाहवत नाही.” त्यानंतर आमचे बोलणे थांबले.

क्षमावाणीच्या दिवशी मी भ्रमणध्वनीवर एक सुंदर मजकूर तयार केला : ‘जाणते-अजाणतेपणी माझे काही चुकले असल्यास उत्तम क्षमा.’ तो शंभरेक जणांना पाठवला. त्यांत तीही होती. पुष्कळांनी हात जोडल्याची चित्रे पाठवली. तिचे उत्तर मात्र एका ओळीचे आले : “काही म्हणजे काय?”

मित्रहो, पर्वाच्या दहा दिवसांतील प्रवचनांनी जे मला उमगले नव्हते ते या तीन शब्दांनी उमगले. ‘असल्यास’ या शब्दाआड माझे कपट दडले होते आणि ‘काही’ या शब्दाआड माझा अहंकार. चूक काय ते मला पुरते ठाऊक होते. निष्फळ व्हावे असे दुष्कृत्य आधी नाव घेऊन सांगायला नको का?

पुढे आमची सहल वेरूळला गेली. तेथील ३० ते ३४ क्रमांकांच्या लेण्या जैनांच्या. त्यांत ध्यानस्थ बाहुबलीची शिल्पे आहेत. उभ्या देहावर वेली चढल्या आहेत. भरत आणि बाहुबली हे भाऊ राज्यासाठी लढले. जिंकलेल्या बाहुबलीने सर्वस्व सोडून वर्षभर तप केले, तरी त्याला केवलज्ञान होईना. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात याचे कारण दिले आहे : माझ्यामुळे भरताला क्लेश झाले, हा विचार त्याच्या मनात राहिला होता. भरताने येऊन पूजा केली तेव्हा कुठे तो सल गेला. वर्षभर निश्चल उभे राहणाऱ्याला जे टाळता आले नाही, ते मी एका बोटाने पाठवलेल्या मजकुराने टाळू पाहत होते!

सहलीहून परतल्यावर मी तिच्या खोलीवर गेले. “तुझे मुद्दे मी चोरले आणि वर तुलाच मत्सरी ठरवले,” एवढेच बोलले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बक्षीस राहू दे तुझ्याकडे. पण जे चौघींसमोर बोललीस ते चौघींसमोर मागे घे.”

तिने क्षमा केली का, ते मी विचारले नाही. क्षमा मागणे हा माझा धर्म. देणे न देणे हा तिचा अधिकार. आपल्या शास्त्रात क्रोधाला चार रेघांची उपमा दिली आहे : पाण्यावरची, धुळीतली, जमिनीतली आणि दगडावरची. तिच्या मनातली रेघ कोणती हे मी कसे सांगावे? ती ओढणारा हात मात्र माझा होता.

त्या चौघींपैकी तिघींना मी भेटून सांगितले. चौथी आता दुसऱ्या गावी शिकते. पण आपला वार्षिक अंक ती आवर्जून मागवून वाचते. हा लेख तिच्यासाठीही आहे.