फ्लॉरेन्स आणि भोवतालचं खेडं: आठवड्याचा बेत

आठवड्यात चार देश उरकण्यापेक्षा एक शहर आणि त्याच्या लगतचं एखादं खेडं निवडावं. इटलीतलं फ्लॉरेन्स त्यासाठी सोयीचं.

पहिले तीन दिवस शहरात. सांता मारिया नोव्हेला स्थानकाजवळ उतरलात, तर कॅथेड्रल, उफिझी कलादालन, पोन्ते वेक्किओ पूल सगळं पायी होतं. उफिझी सोमवारी बंद असतं. तिकीट आधीच काढून ठेवावं. शहरात असेपर्यंत भाड्याची गाडी नको. जुन्या भागात परवान्याशिवाय गाडी शिरली की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी थेट घरी येते.

पुढचे चार दिवस कियांतीच्या टेकड्यांत, 'अग्रितुरिस्मो'मध्ये. हे आपल्या कृषी पर्यटनासारखंच. इटलीत त्यासाठी १९८५ साली कायदा झाला. राहायचं शेतातल्या घरात, भोवती द्राक्षमळे नि ऑलिव्हची झाडं. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच स्पष्ट कळवा. भाज्यांच्या सुपातही मांसाचं पाणी असू शकतं. कियांतीतल्या ग्रेव्हे गावाला फ्लॉरेन्सहून बस साधारण तासाभरात पोचते, पण रविवारी फेऱ्या कमी. गाडी घ्यायची, तर भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना हवा.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. मे महिन्यात जायचं असेल, तर अपॉइंटमेंट दिवाळीनंतर लगेच पाहायला लागा.